किंकाळीची मजुरी

हॉलिवूडच्या कृष्णधवल काळातील कमी खर्चाचे भयपट पाहताना एक गोष्ट लवकरच ध्यानात येते, ती ही की त्यांतील राक्षस बहुधा भीतिदायक नसतो. रबराचा मुखवटा, गोरिलाचे केसाळ कातडे चढवलेला माणूस, दोरीवर हेलकावे खाणारे वटवाघूळ, यांपैकी काहीही आज कोणाची झोप उडवणार नाही. तरीही त्यांतले काही चित्रपट अंगावर काटा आणतात, आणि तो काटा नेमका कोठून येतो हे शोधू लागले की दर वेळी कॅमेरा राक्षसाला सोडून एका बाईच्या चेहऱ्यावर थांबलेला आढळतो. जे दाखवायला निर्मात्याकडे पैसे नव्हते, ते आपण पाहिले आहे हे तिने आपल्याला पटवायचे असे. या अभिनेत्रींना 'किंचाळणाऱ्या नायिका' म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. ती रीत मला अन्यायाची वाटते, कारण किंकाळी हा त्यांच्या कामाचा सर्वांत सोपा भाग होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकेतील चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली, आणि त्यांतला दुसरा, तास-सव्वा तासाचा चित्रपट भराभर पुरवण्यासाठी मोठ्या स्टुडिओंनी वेगळे विभाग काढले. त्यांच्या शेजारी मोनोग्राम, पीआरसी, मॅजेस्टिक अशा छोट्या कंपन्या होत्या, ज्यांना हॉलिवूडमध्ये एकत्रितपणे 'पॉव्हर्टी रो' म्हणत. तेथे चित्रीकरण एक-दोन आठवड्यांत उरकले जाई आणि नेपथ्य बहुतेक वेळा दुसऱ्याचे असे. अभिनेत्री फे रे हिचा 'द व्हॅम्पायर बॅट' हा १९३३ सालचा चित्रपट याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा 'मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम' हा मोठ्या कंपनीचा चित्रपट पडद्यावर येण्याआधीच तिच्या नावाचा फायदा उठवावा म्हणून मॅजेस्टिकने तो घाईने तयार केला आणि त्यासाठी युनिव्हर्सल स्टुडिओचे आवार भाड्याने घेऊन 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये दिसलेले गाव रात्री वापरले. त्यानंतर दोन महिन्यांत 'किंग काँग' आला आणि फे रे जगभर पोहोचली. त्यातल्या तिच्या किंकाळ्या चित्रीकरण संपल्यावर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकाच बैठकीत भरून घेतल्या होत्या.

ही माहिती मी आमच्या गच्चीवर सांगितली तेव्हा आत्याने विचारलेला प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे. सोलापूरच्या मे महिन्यात रात्री दहापर्यंत घराच्या भिंती तापलेल्या असतात, म्हणून आम्ही काही शेजारी मिळून गच्चीवर पांढरी चादर ताणतो आणि जुने चित्रपट पाहतो. 'द व्हॅम्पायर बॅट', 'द डेव्हिल बॅट', 'द कॉर्प्स व्हॅनिशेस' यांसारख्या अनेक चित्रपटांचे हक्क कोणी राखले नाहीत, त्यामुळे ते इंटरनेटवर उघडपणे मिळतात आणि आमचा खर्च शेंगांपुरताच राहतो. आत्याने उभे आयुष्य विड्या वळल्या, हजार विड्यांमागे मजुरी घेतली. तिने शांतपणे विचारले, "अगं, तिला किंकाळीमागे पैसे मिळायचे की दिवसामागे?" मंडळी हसली, परंतु इतक्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न कोणा समीक्षकाने विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

उत्तर असे की स्टुडिओशी करार असलेल्या अभिनेत्रीला आठवड्याचा पगार मिळे आणि त्या पगारात कंपनी सांगेल ते काम करावे लागे. काम नाकारले तर बिनपगारी घरी बसावे लागे. एव्हलिन अँकर्स ही याच व्यवस्थेतली. चिलीमध्ये इंग्रज आईवडिलांच्या पोटी जन्मलेली ही मुलगी युनिव्हर्सलमध्ये आली आणि १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'नंतर तिच्या वाट्याला भयपटच येत गेले: 'द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन', 'सन ऑफ ड्रॅक्युला', 'कॅप्टिव्ह वाइल्ड वुमन', 'द मॅड घूल', आणखीही काही. 'द वुल्फ मॅन'मध्ये ती पुरातन वस्तूंच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून एका अनोळखी गिऱ्हाइकाला ज्या थट्टेखोर सावधपणाने टोलवते, तो प्रसंग पाहावा. तेथे भयाचा मागमूस नाही, पण पुढे आपण घाबरतो ते हिला काही होऊ नये म्हणून, आणि ती आस्था तिने त्या दुकानातच कमावलेली असते. १९४४ च्या 'वियर्ड वुमन'मध्ये तिला खलनायिका केले. नायिका होती तिची प्रत्यक्षातली मैत्रीण अ‍ॅन ग्विन. (तरुण वाचकांसाठी: आजचा नट क्रिस पाइन हा अ‍ॅन ग्विनचा नातू.) मैत्रिणीचा द्वेष करणे अँकर्सला जड गेले असावे असे पडद्यावर वाटत राहते, आणि चित्रपट सुमार असूनही त्या अवघडलेपणामुळेच तो सहन होतो.

पैसे नाहीत हीच ज्याने शैली केली तो निर्माता म्हणजे आरकेओ कंपनीचा व्हॅल ल्यूटन. १९४२ मध्ये त्याच्याकडे भयपटांचा विभाग सोपवताना कंपनीने अटी घातल्या: प्रत्येक चित्रपटाचा खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत, आणि नाव कंपनी देईल ते. पहिले नाव मिळाले 'कॅट पीपल'. दिग्दर्शक झाक तूर्नर आणि ल्यूटन यांनी ठरवले की प्राणी शक्यतो दाखवायचाच नाही. आता प्राणी दाखवायचा नसेल तर त्याचा सगळा भार कोणावर पडणार? फ्रान्समधून दुसऱ्यांदा हॉलिवूडमध्ये आलेल्या सिमोन सिमोनवर. तिची इरेना ही न्यूयॉर्कमध्ये एकटी राहणारी सर्बियन चित्रकर्ती आहे. आपल्या गावच्या शापामुळे प्रेमाच्या किंवा मत्सराच्या भरात आपण हिंस्र मांजरात बदलू अशी तिला धास्ती आहे. सिमोन ही भूमिका शिकाऱ्यासारखी करत नाही, स्वतःच्याच शरीराला भिणाऱ्या स्त्रीसारखी करते. पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याशी खेळायला ती हात आत घालते, पक्षी भीतीनेच मरतो, आणि मग ती तो मेलेला पक्षी प्राणिसंग्रहालयातल्या काळ्या बिबट्यापुढे टाकून येते. या सगळ्यात तिच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही; आहे ती लाज, आणि लाजेच्या तळाशी किंचित समाधान. बोटांची नखे सोफ्यावरून ओढत नेण्याचा तिचा आणखी एक क्षण आहे, ज्याला एक पैसाही खर्च आला नसेल. ती ज्या इमारतीत राहते तिचा भव्य जिना मात्र ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'साठी बांधलेला, म्हणजे उसनाच.

याच चित्रपटातील दोन गाजलेले प्रसंग जेन रँडॉल्फच्या वाट्याचे आहेत आणि तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. पहिल्यात ती रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने चालते, मागून येणारी पावले अचानक थांबतात, तिची चाल हळूहळू पळण्याच्या जवळ जाते, आणि नेमक्या क्षणी एक बस फुसकारत समोर येऊन उभी राहते. दुसऱ्यात ती एकटी पोहण्याच्या तलावात आहे, दिवे गेले आहेत, छतावर पाण्याच्या उजेडाची जाळी हलते आहे आणि कोठेतरी गुरगुरणे ऐकू येते. रँडॉल्फ येथे किंचाळते, पण त्याआधी बराच वेळ ती पाण्यात जागच्या जागी गोल फिरत नुसती ऐकत असते. हे ऐकणे सोपे काम नाही. मी मुद्दाम एकदा आवाज बंद करून हा प्रसंग पाहिला आणि तो तसाही चालतो. याच चित्रपटात उपाहारगृहातील सेविकेच्या छोट्या भूमिकेत थेरेसा हॅरिस आहे, पुढच्या वर्षीच्या 'आय वॉक्ड विथ अ झोम्बी'मध्ये ती मोलकरीण आहे. कृष्णवर्णीय अभिनेत्रीला त्या काळी याहून वेगळे काम क्वचितच मिळे. दोन्हीकडे ती आपल्या प्रसंगात इतकी सहज वावरते की तिच्याभोवती एक स्वतंत्र चित्रपट असायला हवा होता असे वाटते. तशी चूक दुरुस्त करायला कोणी पुढे आले नाही. किम हंटर भाग्यवान ठरली. ल्यूटनच्याच 'द सेव्हन्थ व्हिक्टिम'मधून १९४३ मध्ये तिने पदार्पण केले आणि दहा वर्षांच्या आत तिच्या हाती ऑस्कर होते.

माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वोत्तम एकच तुकडा निवडायचा तर तो 'द ममीज कर्स' या १९४४ च्या अखेरीस आलेल्या अगदी सामान्य चित्रपटात आहे. आधीच्या भागात ममी न्यू इंग्लंडमधल्या दलदलीत बुडाली होती, ती या भागात लुइझियानात निघते. भूगोलाची ही गत. पण त्या कोरड्या पडत चाललेल्या दलदलीतून आधी एक हात वर येतो, मग चिखलाने माखलेली एक बाई उठते, आणि चेहरा सूर्याकडे वळवून, प्रत्येक सांधा नव्याने शिकत असल्यासारखी अडखळत पाण्याकडे चालत जाते. ही व्हर्जिनिया ख्रिस्टीन. संवाद एकही नाही. हजारो वर्षांची राजकन्या जागी होते आहे हे मुखवट्याशिवाय, बँडेजशिवाय, केवळ मानेच्या आणि गुडघ्यांच्या हालचालीतून कळते. पुढे याच ख्रिस्टीनला अमेरिकेने दोन दशके ओळखले ते एका कॉफीच्या जाहिरातीतली मिसेस ओल्सन म्हणून.

१९५० च्या दशकात सूर बदलला. भुताखेतांची जागा अणुबॉम्ब आणि परग्रहवासी यांनी घेतली, प्रेक्षक गाडीत बसून चित्रपट पाहणारे तरुण झाले, आणि रॉजर कॉर्मनसारखा दिग्दर्शक आठवड्याभरात चित्रपट हातावेगळा करू लागला. त्याच्या 'इट काँकर्ड द वर्ल्ड' (१९५६) मधील राक्षस बुटका, शंकूच्या आकाराचा होता. तो पाहून बेव्हर्ली गार्लंडने "हा जग जिंकणार?" अशा अर्थाचे काहीतरी म्हणून त्याला लाथ मारली आणि मग त्याची उंची वाढवण्यात आली, हा किस्सा कॉर्मनने स्वतःच सांगितला आहे. गंमत अशी की त्याच राक्षसासमोर गुहेत बंदूक घेऊन उभी राहिलेली गार्लंड जे भाषण करते ते इतक्या खऱ्या संतापाने करते, की पाहणारा राक्षसाचा आकार विसरतो. हसू येण्यासारख्या वस्तूकडे पाहून न हसता द्वेष करणे, हे कौशल्य अभिनयाच्या कोणत्या शाळेत शिकवत असतील? आपल्याकडे रामसे बंधूंच्या चित्रपटांत काम करणाऱ्या नट्यांनाही हेच करावे लागले. त्यांच्याबद्दल आपणही काही बरे लिहिलेले नाही.

अ‍ॅलिसन हेज हिच्याविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. १९५८ च्या 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन'चे भित्तिचित्र सर्वांना ठाऊक असते: महामार्गावर पाय फाकून उभी राहिलेली आणि मोटारी उचलणारी प्रचंड बाई. असा प्रसंग चित्रपटात नाहीच. चित्रपटात आहे ती नॅन्सी, श्रीमंत, मद्याच्या आहारी गेलेली, जिचा नवरा उघडपणे दुसरीबरोबर फिरतो, आणि जिने वाळवंटात काय पाहिले यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण ती पूर्वी मानसिक उपचार घेऊन आलेली आहे. राक्षसीण झालेली हेज दुहेरी चित्रणाच्या कामचलाऊपणामुळे आरपार दिसते आणि ते हास्यास्पद आहे, हे मान्य. परंतु त्याआधीची, नवऱ्याला सोडताही न येणारी आणि त्याच्यावर विश्वासही न ठेवता येणारी नॅन्सी तिने कोणत्याही गंभीर कौटुंबिक चित्रपटाला शोभावी अशी उभी केली आहे. पुढे हेजच्या आयुष्यात जे घडले ते या कथेहून भयंकर आहे. हाडांच्या भुकटीपासून केलेले कॅल्शियमचे औषध ती दीर्घकाळ घेत होती. शरीर खंगत गेले आणि डॉक्टरांना कारण सापडेना. कारखान्यातील कामगारांना धातूंमुळे होणाऱ्या विषबाधेवरील एक पुस्तक वाचताना तिला त्यात स्वतःची लक्षणे दिसली, तिने ते औषध तपासून घेतले आणि त्यात भरपूर शिसे निघाले. त्यावर बंदी यावी म्हणून ती सरकारशी झगडत राहिली आणि १९७७ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारली. हे सांगितले तेव्हा आत्या एवढेच म्हणाली, "तंबाखूची धूळ छातीत जाते म्हटलं तर आमचंही कोण ऐकत होतं?"

सूझन कॅबटचा 'द वॉस्प वुमन' (१९५९) हा त्याच जातीचा, पण अधिक बोचरा. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची मालकीण वय वाढू लागल्यावर स्वतःचा चेहरा जाहिरातींतून काढून घेते, विक्री घसरते, आणि तरुण दिसण्यासाठी ती गांधीलमाशीपासून काढलेले द्रव्य टोचून घेते. केसाळ मुखवटा केविलवाणा आहे, पण संचालकांच्या बैठकीत आपल्या वयाचा हिशेब पुरुषांच्या तोंडून ऐकणारी कॅबट पाहण्यासारखी आहे. हा तिचा अखेरचा चित्रपट ठरला.

मजुरीचा एक आकडा मात्र आत्याला देता आला. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये व्हॅम्पायरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मायला नुर्मीला दोनशे डॉलर मिळाले आणि संवाद फारच भिकार वाटल्याने तिने मुक्यानेच काम केले. आत्याला हा सौदा पसंत पडला. नव्याने पाहू इच्छिणाऱ्यांनी मात्र तेथून सुरुवात करू नये, कारण तो चित्रपट हसण्यासाठीच पाहिला जातो आणि मग बाकीच्या बायकांकडेही आपण त्याच नजरेने पाहू लागतो. 'कॅट पीपल' आधी पाहावा, रात्री आणि सलग. 'द ममीज कर्स' पूर्ण पाहण्याचा आग्रह मी धरणार नाही. ख्रिस्टीन चिखलातून उठून पाण्यापर्यंत पोहोचली की बंद केला तरी चालेल.