आमची वाटचाल : गोळी घेतल्यानंतरचा प्रश्न

आमच्या छोट्या कंपनीची सुरुवात रक्तातलं डिगॉक्सिन मोजणाऱ्या किटपासून झाली. हृदयाचं हे औषध फार जपून द्यावं लागतं. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाच्या रक्तात ते एका मिलिलिटरमागे साधारण 0.5 ते 0.9 नॅनोग्रॅम हवं. 2 च्या वर गेलं की विषबाधेची भीती. पोटॅशियम घटलेलं असेल तर योग्य पातळीतलं औषधही बाधू शकतं. त्यामुळे गोळी किती दिली यापेक्षा अंगात किती उरली, हे बघायची सवय आम्हाला पहिल्यापासून लागली.

अंतराळाकडे वळलो तेही या सवयीमुळेच. 1971 मध्ये अपोलो 15 या चांद्रमोहिमेतले अंतराळवीर जेम्स आयर्विन यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. पोटॅशियम कमी पडल्याचा संशय आल्यामुळे पुढच्या मोहिमेच्या आहारात ते वाढवलं आणि ठोके सावरणारी औषधंही सोबत दिली. औषध दिलं हे चांगलंच झालं, पण वजनरहित अवस्थेत ते शरीरात कसं वागणार? तिथे रक्तातला द्रव घटतो. सुरुवातीच्या मळमळीत पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणजे गोळी रक्तात उतरायलाही उशीर होऊ शकतो. जमिनीवरचा डोस तिथे तसाच लागू पडेल हे गृहीत धरणं आम्हाला पटेना.

अंतराळवीराच्या अंगात औषध किती उरलं हे मोजायला, वारंवार सुई टोचणं टाळायचं म्हणून, रक्ताऐवजी लाळ निवडली. चांदीच्या सूक्ष्म कणांवर लाळेचा थेंब, त्यावर लेझर, आणि विखुरलेल्या प्रकाशावरून औषधाच्या रेणूची ओळख. मुळात हा 1928 चा रामन परिणामच. पण लाळेतल्या आकड्यावरून रक्तातली पातळी सांगणं सोपं नाही. लाळेची आम्लता बदलली की प्रोप्रानोलॉल या ठोके सावरणाऱ्या औषधाचं लाळेतलं प्रमाणही बदलतं, म्हणून आम्ही आम्लताही त्याच नमुन्यात मोजतो.

सगळ्यांत जास्त छळलं बुडबुड्यांनी. इथे ते आपोआप वर येतात, तिथे जागचे हलत नाहीत आणि लेझरच्या वाटेत बसतात. शेवटी केशाकर्षणावर भरणारी बारीक नळी केली. तिला गुरुत्वाकर्षण लागत नाही, आणि तिच्या आकारामुळे बुडबुडा रुंद टोकाकडे ढकलला जातो. परवलयाकार मार्गाने उडणाऱ्या विमानात वजनरहित अवस्था एका खेपेला जेमतेम 20 सेकंद मिळते. नळी भरायला तेवढी पुरते.

नॅनोग्रॅममधलं डिगॉक्सिन मात्र लाळेत अशा रीतीने पकडणं अजून आमच्या आवाक्यात नाही. त्यासाठी अँटिबॉडीची, म्हणजे नेमक्या रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनाची, वेगळी पट्टी करतो आहोत. मंगळ दूर असताना तिथून संदेश पृथ्वीवर यायला 20 मिनिटांहून जास्त लागतात, आणि तपासणीसाठी गोठवलेले नमुने पृथ्वीवर परत येईपर्यंत तर मोहीम संपलेली असते. पातळी तिथल्या तिथे कळायला हवी, आणि आमची सगळी मेहनत त्यासाठीच चालू आहे.