घाट सोपा, पायरी अवघड

दिवे घाटाची भीती मला पुण्यात सगळ्यांनी घातली होती. सोसायटीतल्या काकांनी, ऑफिसातल्या मैत्रिणींनी, ज्यांनी घाट फक्त गाडीच्या काचेतून पाहिलाय त्यांनीसुद्धा. "हडपसरपर्यंत जा आणि परत ये. व्हीलचेअरवर घाट म्हणजे काय चेष्टा आहे?" लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले, तेव्हा तुला काय जमणार नाही हे सांगणाऱ्यांची मला सवय आहे. (2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्यासारखे जे आधीचे आहेत, ते आता म्हातारे होतायत.)

परभणीकडची एक दिंडी दर वर्षी आमच्या पेठेतल्या शाळेत मुक्कामाला असते. ओळख जुनी. त्यांच्यासोबत वारीत पुणे ते सासवड जायचं ठरवलं, दिवे घाट चढून. मी 'वारीला चालले' असंच म्हणते. खुर्चीवर बसून कसलं चालणं, असं ज्याला वाटतं त्यानं संध्याकाळी माझे तळहात बघावेत.

भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून माउलींची पालखी पहाटे निघते. रस्त्यावर वाहनं नसतात, त्यामुळे भर रस्त्यातून खुर्ची चालवायचं सुख मला वर्षातून त्याच दिवशी मिळतं. एरवी पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब लावलेत, त्यांतून दुचाक्या बरोब्बर जातात आणि खुर्ची अडकते. दिंडीत माझी जागा विणेकऱ्यांच्या मागे, तुळस घेतलेल्या बायकांच्या रांगेत. पहिल्या तासाभरात सगळ्यांनी चौकशा करून घेतल्या, मग कुणी माझ्याकडे बघेना. हे मला फार आवडलं.

बघ्यांचं मात्र तसं नव्हतं. पुलगेटपाशी एका गृहस्थांनी माझ्या मांडीवर दहाची नोट ठेवली, हात जोडले आणि गर्दीत नाहीसे झाले. मी नोट हातात धरून नुसती बसले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ठेव की माय, चहा पिऊ." आणि खरंच प्यायलो. त्यात भर त्यांनीच घातली.

पुढे पाया पडणारे सुरू झाले. वारीत पाया पडणं दोन्ही बाजूंनी असतं. तो वाकतो, तूही वाकतोस, वय-जात काही आड येत नाही. माझ्या पाया पडणारे मात्र डोळे पुसत सरळ होतात आणि निघून जातात, मी खुर्चीतून पुढे वाकून हात लांब केला तर "अहो, तुम्ही नका, तुम्ही नका!" म्हणून मागे सरतात. त्यांच्या लेखी मी वारकरी नसते. रस्त्यात भेटलेलं एखादं देवस्थान असते.

हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची सासवडच्या रस्त्याला वळते. इथपर्यंत मी पाण्याचे मोजून घोट घेतले होते. स्वच्छतागृह मिळेल की नाही याचा भरवसा नसला की पाणी कमी प्यायचं, हे आम्हा बायकांचं जुनं गणित. वाटेत फिरती स्वच्छतागृहं होती, ओळीनं, स्वच्छसुद्धा. प्रत्येकाला तीन पायऱ्या, आणि दार माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद. मी नुसतं तिकडे पाहिलं तर चार तरुण धावत आले, "ताई, उचलतो ना आम्ही!" पोरं मनानं चांगली. पण अनोळखी पुरुषांनी उचलून मला संडासाच्या दारात ठेवायचं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उचलायला हात हवे तेवढे मिळतात, फळी एक मिळत नाही. शेवटी वडकीत एका घरातल्या वहिनींनी अंगणालगतची मोरी मोकळी करून दिली. उंबरा तेवढा होता, तो मावशींनी आणि त्यांच्या सुनेनं मिळून पार करून दिला.

जुन्या सार्वजनिक इमारती आमच्यासारख्यांना वापरता येतील अशा करायला 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं, नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम 2017मध्ये आले. 2022 कधीच मागे पडलं. वारीतल्या सोयी तर दर वर्षी नव्यानं उभ्या राहतात. तिथे जुन्या इमारतीची सबबही चालत नाही.

आणि घाट? घाट म्हणजे एक लांबलचक रॅम्पच की! डांबरी रस्ता, पायरी एकही नाही. खाली मस्तानी तलाव, वर भगव्या पताकांची रांग. दिंडीतल्या मुली आळीपाळीनं दोघी-दोघी खुर्ची ढकलत होत्या, दम लागला की मी ब्रेक लावायचे, मावशी चाकामागे दगड सरकवायच्या. कडेचे लोक "काय जिद्द आहे!" म्हणत मोबाइल काढत होते. तेवढ्यात मागून माउलींचा रथ आला. घाट चढायला रथाला जादा बैलजोड्या लावतात. त्या लावल्या म्हणून माउलींच्या जिद्दीचं कौतुक कुणी केलं नाही. चढ आहे, बैल जास्त लागणार, एवढा साधा हिशोब.

वर झेंडेवाडीपाशी विसावलो तेव्हा विणेकरीबुवांनी कूर्मदासांची गोष्ट काढली. मला ती सगळेच सांगतात. हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून पोटावर सरपटत पंढरीला निघाले, लऊळला पोचून थकले, तेव्हा विठ्ठलच त्यांना भेटायला तिथे आला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात ते सरपटण्यापाशी. मला गोष्टीचा शेवट जास्त पटतो: उरलेलं अंतर देवानं तोडलं, 'अजून थोडं सरपट' म्हणाला नाही. बुवांना मी हे सांगितलं. ते मान डोलवून गप्प राहिले. पटलं की नाही, कळलं नाही.

सासवडला तंबूत दिंडीप्रमुख हिशोबाची वही घेऊन बसले होते. त्यांनीच विषय काढला.

"ताई, पुढच्या वर्षी फळी घेऊन येऊ. किती लांब लागंल?"

"पायऱ्या किती उंच आहेत, त्यावर आहे. एक फूट उंचीला बारा फूट. त्या संडासाला अठरा-वीस फूट तरी हवी."

"ट्रकात मावणार नाही हो."

"मग घडीची करा. आणि फळीनं भागणार नाही, दार नव्वद सेंटिमीटर रुंद हवं."

"दार काय आपल्या हातात आहे?"

"अर्ज आपल्या हातात आहे. बायकांच्या रांगेत एक तरी रुंद दाराचं द्या म्हणून, दिंडीच्या नावानं. सह्या मी गोळा करते."

त्यांनी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर लिहून घेतलं. सेंटिमीटरचा आकडा मला दोनदा विचारला.