एजंट कोण केलता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि तुम्ही एकटे नाही, मी सोलापूरला आलो की गड्ड्याच्या जत्रेत कुणी भेटो नाहीतर सात रस्ता चौकात, कसा आहेस म्हणायच्या आतच येतं, "कॅनडाच्या पीआरला (म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याला) एजंट कोण केलता? किती घेतले?"

कुणीच नाही केला. एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे वय, शिक्षण, इंग्लिश, कामाचा अनुभव यांचे पॉइंट मोजून पीआरला माणसं निवडायची कॅनडा सरकारची पद्धत, 2015 पासून सगळी ऑनलाइन आहे, प्रोफाइल टाकायला पैसे पडत नाहीत, फी लागते ती त्यांचं अर्ज करायचं इन्व्हिटेशन आल्यावर अर्ज भरताना. एजंट करूच नका असं नाही म्हणत, पण त्याच्याकडे तिथलं लायसन आहे का ते तिथल्या कन्सल्टंट लोकांच्या रजिस्टरमध्ये नाव टाकून बघा, सगळ्यांना बघता येतं ते. फ्लेक्सवर मेपलचं पान छापलं म्हणजे लायसन नव्हे. आणि जॉब ऑफर विकत देतो म्हणणाऱ्याला तर चहा पण पाजू नका, 25 मार्च 2025 पासून जॉब ऑफरचे पॉइंटच काढून टाकलेत.

तुम्ही विचारायला पाहिजे ते वेगळंच आहे, मालक लेटर देईल का? आपल्या एमआयडीसीत एक्सपीरियन्स लेटर म्हणजे काय असतं माहितीय ना, मुलगा कष्टाळू आहे, वागणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा, खाली शिक्का. त्याचा तिथं काडीचा उपयोग नाही. तिथल्या इमिग्रेशनवाल्यांना लेटरहेडवर हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि रोज नेमकं काय काम करत होता ते सगळं पाहिजे. आता आपल्याकडं पगार अर्धा बँकेत अर्धा पाकिटात, मग मालक पगाराचा आकडा कशाला लिहून देतोय, त्याला आधी इन्कम टॅक्सवाले दिसतात! माझ्या एका जुन्या मालकांनी तर "उद्या ये की" म्हणत म्हणत पार दमवलं, शेवटी अकाउंटंट काकांनी मधे पडून सही घेतली. अजिबातच नाही मिळालं तर अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, पासबुक आणि वरच्या साहेबाचं अ‍ॅफिडेव्हिट जोडून लेटर का मिळालं नाही ते लिहायचं, पण ऑफिसर ते मानेलच असं नाही. आणि कामाची यादी त्यांच्या एनओसीच्या (म्हणजे कॅनडातल्या कामधंद्यांच्या सरकारी यादीच्या) साइटवरून जशीच्या तशी उचलू नका, एजंट लोक हमखास करतात हे, वाचणाऱ्याला कळतंच की ओ.

डिग्रीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे आपली डिग्री तिथल्या कुठल्या शिक्षणाच्या बरोबरीची ते तपासून घेणं, सोपं आहे, फक्त वेळ खातं. माझी डिग्री 2003 ची, तेव्हा सोलापूर विद्यापीठ नव्हतंच, ते 2004 चं, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाकडून मिळणाऱ्या मार्कांच्या उताऱ्यासाठी) मला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जावं लागलं. इन्व्हिटेशन आलं की 60 दिवसांत सगळं अपलोड करायचं असतं, तेव्हा असली कागदं आधीच काढून ठेवा.

तिथं बस्तान बसवायला पुरेसे पैसे आहेत हे दाखवावं लागतं, त्याचं म्हणाल तर जुळे सोलापूरचा फ्लॅट किंवा गावाकडचं रान यात धरत नाहीत, कर्ज काढून खात्यात टाकलेले पण चालत नाहीत. सहा महिन्यांचा सरासरी बॅलन्स बघतात. वडिलांनी दिले तर गिफ्ट डीड करून घ्या, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आली की ती कुठनं आली ते सांगावं लागतं.

आता जे "पोरीची बारावी झाली की बघू" म्हणतात त्यांच्यासाठी. वयाचे पॉइंट एकट्याने अर्ज केला तर 29 पर्यंत 110, पस्तिशीला 77, चाळिशीला 50, आणि 45 ला शून्य. इंग्लिश परत परीक्षा देऊन वाढवता येतं, पण वयाचं काय करणार? तुम्ही 39 चे आहात ना, मग पोरीच्या बारावीपर्यंत थांबू नका, याच महिन्यात आयेल्ट्सची (त्याच इंग्लिशच्या परीक्षेची) तारीख घ्या आणि मालकाच्या मागं लागा.