वर्गातली ओल

पूर्व लंडनमधल्या त्या शाळेत मी ओलीचं मूळ शोधायला गेलो होतो. वरच्या मजल्यावरच्या एका वर्गात खिडकीलगतच्या भिंतीवर काळी बुरशी धरत होती. दोनदा रंग देऊन झाला, तरी हिवाळा आला की पुन्हा तेच. छप्पर गळतंय, असा सगळ्यांचा समज. माझं बालपण कोकणात गेलं, त्यामुळे ओल म्हटली की माझीही नजर आधी वरच जाते. सकाळचे दोन तास छपरावर घालवले. स्लेटच्या फरश्या शाबूत, पन्हळी साफ, सांध्यांवरचे शिशाचे पत्रे जागच्या जागी. पाण्याला आत यायला कुठेच वाट नव्हती.

ही इमारत लंडन स्कूल बोर्डाने, म्हणजे शहरात सार्वजनिक शाळा उभारणाऱ्या मंडळाने बांधलेली. 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर शहराच्या दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये अशा शेकडो शाळा उभ्या राहिल्या. बोर्डाचे वास्तुविशारद ई. आर. रॉबसन. या शाळा कुठल्या एका पंथाच्या नव्हत्या, म्हणून त्यांनी चर्चची आठवण करून देणारी गॉथिक शैली टाळली आणि विटांची, उंच गेबलांची (उतरत्या छपराच्या टोकाच्या भिंतींची), पांढऱ्या लाकडी खिडक्यांची ‘क्वीन ॲन’ शैली घेतली. प्रवेशद्वारांवर दगडात कोरलेलं ‘बॉइज’, ‘गर्ल्स’, ‘इन्फन्ट्स’ आजही वाचता येतं. पण मला या शाळांमध्ये सगळ्यांत मोलाच्या वाटतात त्या खिडक्या. आजूबाजूची घरं अंधारी, एकमेकांना खेटलेली. तिथून येणाऱ्या पोरांसाठी या माणसाने जवळजवळ छतापर्यंत पोचणाऱ्या खिडक्या काढल्या. उजेड बाकांच्या डाव्या बाजूने यावा, हा त्यांचा आग्रह. उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरांवर पडू नये, इतका बारीक विचार त्यामागे होता.

मग या वर्गात भर दुपारी ट्यूबलाइट का लागत होत्या?

मी खाली मैदानात जाऊन त्या खिडकीतल्या तावदानांच्या ओळी मोजल्या. सहा. परत वर येऊन वर्गातून मोजल्या, तर चारच.

मधल्या कुठल्याशा वर्षी इथे फॉल्स सीलिंग बसवलं होतं. उंच खोली तापवायला खर्च फार येतो, तेव्हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ते खिडकीच्या मधूनच आडवं गेलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. जुन्या इमारतीत घातक ॲस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंदवही पाहिल्याशिवाय मी छताचा तुकडाही हलवत नाही. ती तपासली, मुलं जेवायला गेल्यावर शिडी लावली आणि एक चौकोन उचलला.

टॉर्च पेटवावी लागली नाही. वर चार फुटांची पोकळी होती आणि ती उजेडाने भरलेली होती. खिडकीच्या वरच्या दोन ओळी तिथे कोणाच्याही उपयोगाविना उभ्या होत्या.

ओलीचा उलगडाही तिथेच झाला. या खिडक्यांचा वरचा भाग खाली सरकतो. तीस मुलांच्या श्वासाची दमट, ऊबदार हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. ती वाट बंद झाली, खालचे भाग थंडीमुळे कोणी उघडेना. मग ती वाफ गार भिंतीवर जमायची आणि तिथेच बुरशी धरायची.

आकडा असलेली एखादी लांब काठी आहे का, असं मी विचारलं तेव्हा केअरटेकर काही न बोलता बॉयलरच्या खोलीत गेले आणि एक लांब लाकडी काठी घेऊन आले. टोकाला पितळी आकडा. ती कशाची, हे त्यांना इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, तरी टाकून द्यायला मन झालं नव्हतं. आकडा चौकटीवरच्या कडीत नेमका बसला, पण खिडकी हलेना. रंगाच्या थरांनी सांधे चिकटून गेले होते. मी पातळ पात्याने कडेने रंग कापत गेलो, ते खालून काठीला ताण देत राहिले. शेवटी आतल्या दोरीचा आवाज आला आणि चौकट दोन इंच खाली उतरली. आमच्या अंगावर धूळ पडली आणि मागोमाग मैदानातला मुलांचा कल्ला आत आला.