आमची वाटचाल: कार्बेटरला हात सगळ्यात शेवटी

आमचा गाडीदुरुस्तीचा गाळा लालबागचा, पागडीवरचा, आणि एवढा लहान की गाडीचं तोंड आत घेतलं की ढुंगण गल्लीतच राहतं. निम्मी कामं तशीच झाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या खात.

बाबा गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आज मिटेल, उद्या मिटेल करत वर्ष गेलं, तेव्हा बाबांनी घरातली पान्यांची पेटी उचलली आणि शेजारच्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्या बघायला सुरुवात केली. तेव्हा मुंबईत टॅक्सी म्हणजे फियाट, तिचं नाव पद्मिनी झालं होतं तरी लोक फियाटच म्हणायचे. ती बनायची इथेच, कुर्ल्याला. १०८९ सीसीचं इंजिन आणि त्यावर एका घशाचा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारं यंत्र. आमच्या गल्लीत त्याला कार्बेटर म्हणतात, मीही तेच म्हणणार.

टॅक्सीवाल्यांची तक्रार ठरलेली: "मेस्त्री, गाडी पेट्रोल पिते." मीटरचे पैसे पेट्रोलमध्येच गेले तर घरी काय न्यायचं? म्हणजे जास्त पेट्रोलचं मिक्श्चर हे आमचं पहिलं दुकान, असं म्हटलं तरी चालेल.

मी आयटीआय करून गाळ्यावर बसलो आणि लगेच शहाणा झालो. त्या दिवसांतली एक गाडी अजून डोळ्यांसमोर आहे. गिरगावातल्या एका निवृत्त मास्तरांची पांढरी फियाट डिलाइट. मागून काळा धूर, डोळे चुरचुरतील असा वास, प्लग काजळीने मखमलीसारखे काळे. कुठेतरी नुकताच कार्बेटर साफ करून घेतला होता, आणि त्रास त्यानंतरच सुरू झाला होता. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मिक्श्चरचा स्क्रू थोडा आत फिरवला, उभ्या गाडीचा धूर कमी झाला, पैसे घेतले.

चौथ्या दिवशी मास्तर परत. केम्प्स कॉर्नरच्या पुलावर चढताना गाडी तशीच धूर सोडते, आणि आता तर सिग्नलला बंदही पडते. म्हणजे एक रोग होता, मी दुसरा दिला.

कारण साधं होतं, पण मला ठाऊक नव्हतं. सोलेक्सचा तो खालचा स्क्रू फक्त स्लोचं, म्हणजे गाडी उभ्याने चालते तेव्हाचं मिक्श्चर ठरवतो. रेस दिली की काम मेन जेटकडे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाकडे जातं, तिथे या स्क्रूचं काही चालत नाही. बाबांनी कार्बेटरचं झाकण उघडलं. वाटीत पेट्रोल हवं त्यापेक्षा बरंच वर. फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगणारी पोकळ डबी, कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. मग झाकणातला, पेट्रोल आत सोडणारा आणि थांबवणारा नीडल व्हॉल्व्ह खोलला आणि माझ्यासमोर धरला. त्याखाली वायसरच (वॉशर) नव्हता! साफ करताना कुणाच्या तरी हातून पडला असणार. एक मिलिमीटरचा तो वायसर नसला की व्हॉल्व्ह तेवढा वर बसतो, फ्लोट नीडल उशिरा दाबतो, वाटीतली पातळी वाढते आणि जेटमधून पेट्रोल गरजेपेक्षा सहज ओढलं जातं. बाबांनी डब्यातून वायसर काढून बसवला, माझा स्क्रू पुन्हा जागेवर आणला आणि मास्तरांचे आधीचे पैसे मला स्वतःच्या हाताने परत करायला लावले. वायसरचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. मला तेव्हा रागच आला होता.

त्यानंतर गाळ्यात नियम झाला: कार्बेटरला हात सगळ्यात शेवटी. आधी टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, मग प्लग, डेल्कोमधलं (प्लगांना ठिणगी वाटणारा डबा) पॉइंटचं गॅप, टायमिंग, एअर फिल्टर. ठिणगी कमजोर असली तरी प्लग काळे पडतात आणि लोक बिचाऱ्या कार्बेटरला दोष देतात. मग चोक, थंड इंजिन सुरू करताना पेट्रोल वाढवणारा. या सोलेक्समध्ये चोकची झडप नसते, पेट्रोल वाढवायला बाजूला वेगळी चकती असते. डॅशबोर्डवरचं बटण पूर्ण आत गेलेलं दिसतं, पण केबल आखूड बसली असेल तर चकती किंचित उघडीच राहते. कितीतरी गाड्यांचं दुखणं एवढंच निघालं. पुढे पेट्रोलची पातळी. हे सगळं झाल्यावर इंजिन चांगलं गरम करून स्क्रू: हलक्या हाताने आत टेकवायचा, दीड आटा बाहेर काढायचा, आणि तिथून कानाने शोधायचं. आत गेला की पेट्रोल कमी, बाहेर आला की जास्त. जोरात आवळलात तर टोकाला खाच पडते, मग मिक्श्चर कधीच जमत नाही.

जेटमध्ये तांब्याची तार घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जेटवर १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं. तारेने घासून ते १.२५ झालं तर डोळ्यांना दिसत नाही, पण वाट साडेआठ टक्के मोठी होते. हवेने फुंकायचं, बस.

२००० नंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या, नव्या गाड्या इंजेक्शनच्या आल्या, आणि आमचं दुकान ओस पडलं. त्या दोन-तीन वर्षांबद्दल फार लिहित नाही. मी कर्ज काढून इंजेक्शनच्या गाड्या तपासायचा स्कॅनर घ्यायला निघालो होतो, बाबा नाही म्हणाले. तेवढ्यात त्या मास्तरांच्या मुलाने त्याच्या मित्राची मॉरिस मायनर पाठवली, मग त्या मित्राने आणखी एक. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोक बोलके असतात, एवढंच आमचं नशीब.

मॉरिसचा एसयू कंपनीचा कार्बेटर निराळ्या स्वभावाचा. त्याचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा आणि ऐकायचं. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, क्षणभर वाढून जागेवर आली तर बरोबर, इंजिन बसू लागलं तर कमी. जेटखालचा नट वर फिरवला की पेट्रोल कमी होतं. हे काम मला सोलेक्सपेक्षा जास्त आवडतं, खोटं कशाला बोलू.

गिऱ्हाइकांना एक गोष्ट वारंवार सांगावी लागते. मुंबईत समुद्रसपाटीला लावलेली गाडी महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, जड चालणारच. तिथे हवा विरळ, जेट मात्र तोच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. वर स्क्रू फिरवून घेतलात तर खाली उतरल्यावर आमच्याकडेच याल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. बाबा त्याआधीच गेले होते. आता नवा पाहुणा म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, म्हणजे त्याच जेटवर मिक्श्चर खरं तर हलकं, म्हणजे पेट्रोलने कमी पडायला हवं. तरीही गाड्या काळा धूर घेऊन येतात. कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, तो येऊन नीडलवर बसतो आणि पेट्रोल वाटीतून ओसंडतं. जुनं रबरही फुगतं. त्यामुळे आता आम्ही टाकी आणि पाइप बघितल्याशिवाय झाकण उघडत नाही. मुलगी धूर मोजायचं यंत्र घेऊन उभी असते, मी कान लावतो, आणि आमचं दोघांचं जुळलं की गाडी सोडतो. नेहमी जुळतंच असं नाही.

कार्बेटरचं काम शनिवारी घेतो. गाडी शुक्रवारी संध्याकाळीच आणून ठेवा, कारण टॅपेट रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर बघायचे असतात. आणि येण्याआधी कृपा करून तो स्क्रू फिरवू नका.