तुम्ही विचारलंत म्हणून : लीन घ्यावे की सिक्स सिग्मा?

गुणवत्ता विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : लीन (कामातले निरर्थक भाग काढून टाकण्याची पद्धत), सिक्स सिग्मा (आकडेवारीच्या आधारे दोष आणि चढउतार कमी करण्याची पद्धत), अडथळ्यांचा सिद्धांत (सगळे काम जिथे अडते, ती जागा आधी सुधारण्याचा विचार) यांपैकी नेमके काय घ्यावे, आणि सगळे एकत्र केले तर सतत सुधारणा करण्याची वृत्ती संस्थेत रुजेल का? या प्रश्नावरचे माझे मत माझ्याच एका चुकीतून बनलेले असल्यामुळे आधी ती सांगतो.

एका कारखान्यात वेल्डिंगमधील रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे भाग, कमी करण्यासाठी मी चार महिने सिक्स सिग्माचा प्रकल्प चालवला. रिजेक्शन निम्म्यावर आले, सादरीकरणाला टाळ्याही मिळाल्या, पण महिनाअखेरीस बाहेर पडणारा माल मात्र होता तेवढाच राहिला. सगळी लाइन पुढे रंग वाळवण्याच्या भट्टीपाशी अडत होती आणि तिच्यासमोर सुट्या भागांचा ढीग आधीपासूनच पडून होता. एलियाहू गोल्डरॅट यांचा अडथळ्यांचा सिद्धांत नेमके हेच सांगतो. भट्टीच्या आधी बाद झालेल्या भागामुळे साहित्य आणि मजुरी वाया जाते. भट्टीतून निघाल्यावर बाद झालेला भाग मात्र भट्टीचा परत न मिळणारा वेळही खाऊन बसतो. सिक्स सिग्माची तीच चिकित्सा मी भट्टीनंतरच्या रिजेक्शनवर वापरली असती, तर तेवढ्याच मेहनतीत बाहेर पडणारा माल वाढला असता.

म्हणून मी पद्धतींची निवड न करता प्रश्नांचा क्रम लावतो. काम कुठे अडते हे आधी पाहावे. त्या जागेची वाट अडवणारे निरर्थक थांबे, शोधाशोध आणि जास्तीचा साठा लीनच्या नजरेने काढावा. अडथळ्यापुढे थोडा साठा मात्र जाणीवपूर्वक ठेवावा, कारण सरसकट साठा हटवण्याच्या उत्साहात भट्टीच रिकामी राहिलेली मी पाहिली आहे. एवढे करूनही परिणाम वर-खाली होत राहिला आणि कारण डोळ्यांना दिसेना, तरच आकडेवारीकडे वळावे. दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे सिक्स सिग्माचे प्रसिद्ध लक्ष्य प्रत्येक कामाला लावण्याची गरज नसते.

या पद्धती एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नाहीत, हे मला इतिहासातील एका योगायोगामुळे अधिक पटते. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेख (कामातला नेहमीचा चढउतार आणि खरा बिघाड वेगळे ओळखण्याचा आलेख) मांडला आणि त्याच वर्षी जपानमध्ये साकिची टोयोडा यांचा, धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार झाला. माग कधी थांबायचे हे जाणत होता. आलेख नेहमीच्या चढउतारात उगाच हात घालू नये, हे शिकवत होता. कामावरच्या माणसाला दोन्ही गोष्टी लागतात.

वृत्ती रुजण्याचा प्रश्न मात्र पद्धतींच्या बेरजेने सुटत नाही. टोयोटाच्या धर्तीवर आम्हीही अडचण येताच दाबायचे बटण बसवले होते. पहिल्या आठवड्यात ते सतत वाजत होते. रोजच्या बैठकीत मात्र 'काय झाले?' याऐवजी 'कोणी दाबले?' असे विचारले जाऊ लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात बटण दाबल्याचा इशारा दाखवणारा फलक दिवसभर हिरवा राहू लागला. व्यवस्थापनाला ती प्रगती वाटली. टोयोटाच्या रचनेत कामगाराने दोरी ओढून असा इशारा देताच गटप्रमुख तिथे पोहोचतो आणि ठरावीक टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. म्हणजे त्या दोरीइतकाच, हातातले काम बाजूला ठेवून तात्काळ येऊ शकणारा माणूस महत्त्वाचा असतो. आमच्या गटप्रमुखांना तर गैरहजर कामगारांच्या जागी उभे केलेले असे. सिक्स सिग्माच्या पट्ट्यांच्या (कौशल्याची पातळी दाखवणारे, कराट्यासारखेच हिरवे आणि काळे पट्टे इथेही असतात) प्रशिक्षणावर सढळ हाताने खर्च करणाऱ्या संस्था या मोकळ्या माणसाचा पगार मात्र अनाठायी समजतात, आणि माझ्या मते बहुतेक उपक्रम तिथेच कोलमडतात.

आम्ही शेवटी प्रत्येक पाळीत एक गटप्रमुख पूर्ण मोकळा ठेवला आणि 'कोणी दाबले?' हा प्रश्न बैठकीतून काढून टाकला. बटण पुन्हा वाजू लागायला दोन महिने लागले. पहिल्यांदा ते भट्टीवरच्या कामगाराने दाबले, आणि हुकांच्या चुकीच्या अंतरामुळे भाग एकमेकांना घासतात, हे त्याने दाखवून दिले. भट्टीनंतरच्या रिजेक्शनचे एक मोठे कारण तेच निघाले.