ओहोटीत गोल्डन ब्रिजच्या पायथ्याशी

बडोद्यात राहून नदीपात्रात उतरायची हौस विश्वामित्रीवर भागत नाही. उन्हाळ्याकडे पाणी उतरतं, काठ उघडे पडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मगरी काठच्या मातीत अंडी घालून राखणीला बसतात. म्हणून ही फेरी भडोचची. नर्मदेचा तो पट्टा भरती-ओहोटीचा आहे आणि तिथला गोल्डन ब्रिज खालून बघण्यासारखा आहे.

निम्मं काम दिवस ठरवण्यातच आहे. आम्ही माघ वद्य अष्टमी धरली, म्हणजे भांगाची, कमी जोराची भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार वेगात चढतं, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित इथे लावू नका. पाणी खंबातच्या आखातातून आत शिरून भडोचला पोचेपर्यंत काही तास जातात. शिवाय इथे ओहोटी रेंगाळत उतरते आणि भरती थोडक्या वेळात चढून येते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाने याच बंदराबद्दल लिहून ठेवलंय की अमावास्येच्या रात्री भरती येताना दुरून सैन्याच्या आरोळीसारखा आवाज येतो. काठावर होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला ‘आजे ओट क्यारे?’ (आज ओहोटी कधी?) एवढं विचारलं की खरी वेळ कळते. दुसऱ्या दिवशी जायचं असेल तर त्यात साधारण पन्नास मिनिटं मिळवा.

दुसरी गोष्ट धरणाची. वर केवडियाला सरदार सरोवराचं १,२०० मेगावॉटचं वीजगृह थेट नदीपात्रात पाणी सोडतं. ते जोरात चालू असेल तर ओहोटी असूनही पात्र हवं तसं उघडं पडत नाही. पावसाळ्यात आणि दरवाजे उघडे असताना खाली उतरायचा विचारच नको.

बडोद्याहून गाडीने भडोच तासाभराचं. आम्ही आधी तसेच पुढे अंकलेश्वरला गेलो आणि उलट्या गाडीने परत भडोचला आलो. हा वळसा जरूर घ्या. रेल्वेपुलावरून जाताना वाळूचे पट्टे कुठे आहेत, धार कुठल्या काठाला आहे हे एका नजरेत कळतं. हल्ली मुख्य धार अंकलेश्वरकडे झुकली आहे. बोरभाठा बेटाकडचा काठ ती खालून पोखरते आणि वरची माती छज्जासारखी पुढे राहते. त्या कड्यावर उभं राहू नका आणि त्याच्या खाली बसूही नका. उतरायचं ते भडोचच्या बाजूने.

गाळाची पारख पायाने नाही, काठीने करायची. पाच फुटांचा बांबू हवा. भेगा पडलेला करडा गाळ माणसाचं वजन पेलतो. पाण्याच्या बारीक लाटा उमटलेली वाळू सगळ्यांत भरवशाची. आरशासारखा चकाकणारा, सपाट गाळ मात्र फसवतो. बांबू सहज वीतभर आत गेला की मागे फिरा. गमबूट नकोत, ते आतच राहतात. घट्ट नाडीचे जुने कॅनव्हास बूट चांगले. पाय अडकलाच तर सरळ वर ओढू नका, खाली पोकळी होऊन गाळ आणखी आवळतो. मागे टेकून बसा, वजन पसरा, पाऊल डावी-उजवीकडे हलवत बाजूने पाणी आत शिरू द्या, मग टाच आधी काढा.

आता पूल. १८६० च्या दशकातला आधीचा रेल्वेपूल पुरांनी मोडला, म्हणून १८७७ मध्ये हा हाती घेतला आणि १६ मे १८८१ ला खुला झाला. लांबी १,४१२ मीटर. १९३५ मध्ये रेल्वे शेजारच्या नव्या पुलावर गेली आणि हा वाहनांकडे आला. खर्च इतका झाला की सोन्याचाच पूल झाला असता, अशी नावामागची बोलवा आहे.

खांब म्हणजे जोडीने उभी लोखंडी नळकांडी. प्रत्येकाच्या बुंध्याशी खळगा असतो. वाहतं पाणी खांबावर आपटून खाली वळतं आणि तळ उकरतं. इथे पाणी दोन्ही दिशांनी वाहतं, म्हणून खळगे दोन्ही अंगांना पडतात. पाणी थांबलं की त्यात बारीक गाळ बसतो आणि वरून सगळं सारखंच दिसतं. त्यामुळे दहा पावलं लांब थांबा आणि दुर्बीण वापरा. एकाच सांध्यावर पाच मिनिटं घालवा. गोल डोक्याचा रिव्हेट लाल तापवून ठोकलेला असतो, थंड होताना आखडतो आणि पत्रे एकमेकांवर आवळतो. मध्येच षटकोनी नटबोल्ट दिसला तर ती नंतरची दुरुस्ती. दोन रिव्हेटांमध्ये पत्रा फुगलेला दिसला तर तो आतल्या गंजाने फुगवलाय, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. ते फुगवटे मोजत बसावं इतकं सुंदर काम आहे ते, आणि इतक्या पुरांनंतरही उभं आहे.

जुन्या शहराच्या टेकाडाची माती पावसाबरोबर काठावर उतरते, तिच्यात खापरं सापडतात. फोटो काढा, उचलू नका. सुटा रिव्हेट दिसला तरी तिथेच राहू द्या.

वेळेचा हिशेब असा ठेवा: ओहोटी तळाला पोचण्याच्या दोन तास आधी उतरायचं, तळाला पोचली की परतीची वाट धरायची. पाणी फिरल्याची पहिली खूण धारेत नाही, मागच्या घळींत दिसते. आपण ओलांडून आलेल्या कोरड्या ओघळीत बारीक फेस वर सरकू लागतो. तो दिसला की फोटो अर्धवट टाकून निघा, कारण समोरचा पट्टा कोरडा असतानाच मागची वाट तुटते.

दोघांत मिळून पाच लिटरचा पाण्याचा कॅन वेगळा ठेवा, फक्त पाय धुवायला. गाळात काच आणि गंजके खिळे असतात आणि चिखल निघाल्याशिवाय जखम दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधीच घेतलेलं असावं. खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, स्टेशनबाहेर मिळते, ती हात साबणाने धुतल्यावरच.